मोठा आवाज, स्पष्ट आवाज

३ जानेवारी

लाडक्या डॉक्टरीणबाई,

नमस्कार-आशीर्वाद मनातल्या मनात घेऊन टाक, मला तेवढाही दम नाही. मला भूमिका मिळाली! चांगली भलीमोठी, तिन्ही अंक भरून. आमच्या हौशी मंडळाचं नवं नाटक अठ्ठावीस फेब्रुवारीला आहे आणि त्यात मी भाडेकरीण आहे. घर सोडायला तयार नाही, भाडं द्यायलाही तयार नाही आणि तोंड तर बंद ठेवायला मुळीच तयार नाही. आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे सेनापती म्हणतात, ते म्हणाले, "तुम्हाला अभिनय करावाच लागणार नाही." मी हे कौतुक म्हणून घेतलं आहे.

आणि घरमालक कोण, सांग! तुझे बाबा. तिसऱ्या अंकात आमचं दोघांचं जंगी भांडण आहे. ते मला एकेक शिवी देतात, मी एकेक परतवते. लेखकाने दहा-बारा शिव्या लिहून दिल्यात, पण भावोजी रोज त्यांचा क्रम बदलतात. "भांडण ताजं राहतं," म्हणतात. सेनापतींनाही ते पसंत आहे. मेहुणीला वर्षानुवर्षं द्यायच्या राहून गेलेल्या शिव्या ते आता देऊन घेतायत, असं ताई, म्हणजे तुझी आई, म्हणते. आणि वर हसत असते.

तालमी विमा कचेरीच्या वरच्या हॉलमध्ये होतात. पत्र्याच्या खुर्च्या, एक कपाट, डोक्यावर गरगरणारा पंखा. रोज संध्याकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचते आणि जिन्यात उभी राहून वाक्यं म्हणते. खालचा पहारेकरी मला वेडी समजतो.

आता एक गोष्ट, ती तुझ्यामाझ्यातच राहू दे. तिसऱ्या अंकात माझी वाक्यं चुकतायत. पाठ आहेत गं, झोपेतून उठवलंस तरी म्हणेन. पण समोरून काय आलं तेच मला कळत नाही. शिवी एक येते आणि मी उत्तर दुसऱ्याच शिवीला देते. काल सगळे हसले. मीही हसले, पण घरी येऊन चूल न पेटवता तशीच बसून राहिले.

मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. वादळात खरखरणाऱ्या तारेवरून माणूस रडतोय की हसतोय ते ओळखायचे. माझे कान गेले असतील का? तू हेच शिकतेयस ना तिथे? सांग काहीतरी. घरी मात्र अवाक्षर काढू नकोस, तुला माझी शपथ.

तुझी नटी मावशी

---

९ जानेवारी

प्रिय मावशी,

मी डॉक्टरीण नाही, किती वेळा सांगू! श्रवण तपासणी केंद्रात उमेदवारी करणारी मुलगी आहे आणि मला अजून पेशंटच्या कानात नळी घालायचीसुद्धा भीती वाटते. पण तुझं पत्र वाचून मी खोलीत नाचले. भाडेकरीण! तेही बाबांसमोर! मी तिथे नाही म्हणून जीव नुसता तळमळतोय.

आता कानाचं. तू अगदी योग्य बाईकडे आली आहेस, कारण पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर इंग्रजीत दोन शब्द लिहिले: लाउड आणि क्लिअर. म्हणाले, "या दोन विशेषणांतला फरक ज्याला कळला त्याला अर्धं शास्त्र कळलं. बाकीचे जन्मभर यंत्राचं बटण पिळत बसतात." लाउड म्हणजे आवाज किती आला. क्लिअर म्हणजे त्यातून काय कळलं. लोक दोन्ही एकत्रच म्हणतात, जोडीने, नवराबायकोसारखे. पण सर म्हणतात, यांची नुसती तोंडओळख आहे. आवाजाचा जोर असतो अ, आ, ओ यांच्यात, आणि अर्थ असतो क, त, स, प यांच्यात. हे बिचारे मुळातच नाजूक. आपण मात्र काही कळलं नाही की म्हणतो, "जरा मोठ्याने बोला." म्हणायचं असतं, "जरा स्पष्ट बोला."

बघ, किती शिकले मी! तर माझा अंदाज असा की वयामुळे तुझ्या कानांना थोडा जोर कमी पडतोय. केंद्रातलं एक छोटं यंत्र सरांच्या परवानगीने महिन्याभरासाठी पाठवतेय. डबी ब्लाउजला अडकवायची, बोंडं कानात घालायची, चाक फिरवलं की आवाज वाढतो. आणि तुमच्याकडच्या केंद्रात जाऊन एकदा कान तपासून घे.

काळजी करू नकोस. निदान बाबांसमोर तरी तुझी पंचाईत व्हायची नाही. त्यांचा आवाज काय, पंखा बंद पडला तरी तेवढ्यावर पडदे हलतील.

तुझी भाची

---

१८ जानेवारी

बाई गं,

तुझं यंत्र मिळालं, लावलं आणि मला असे साक्षात्कार झाले की विचारू नकोस. पंखा आता पंखा राहिला नाही, गिरणी झाली. पलीकडच्या खुर्चीवर कोणी पाय हलवला की मला वाटायचं कपाट कोसळलं. सेनापतींचं पोट तालमीत गुरगुरतं हे मंडळात आजवर कोणालाही ठाऊक नव्हतं, मला आता त्याचं वेळापत्रकही पाठ झालं. तुझे बाबा बोलायला लागले आणि मी दोन्ही हातांनी कान झाकून खालीच बसले. गडगडाट नुसता! पण त्या गडगडाटात शिवी कोणती, ते काही केल्या कळेना. मी उत्तर दिलं, चुकलं. परत दिलं, परत चुकलं.

भावोजींनी चिडून पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने. मग सेनापती मोठ्याने. मग सगळेच माझ्याशी मोठ्याने बोलायला लागले. पाणी हवंय का, हेसुद्धा असं विचारतात जसं मी नदीच्या पलीकडे उभी आहे. यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं तरी ओरडणं चालूच.

तपासणीला गेले होते, तुझ्या शब्दाखातर. काचेच्या खोलीत बसवलं, शिट्ट्या ऐकवल्या. तो मुलगा म्हणतो, "मावशी, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत." गोड बोलून वाटेला लावलं मला. म्हातारीला कशाला दुखवा, असं वाटलं असणार त्याला.

तुला आजी आठवते का? तुझी आजी, माझी आई? शेवटची वर्षं ती खिडकीपाशी बसून असायची आणि आम्ही काहीही बोललो तरी मान डोलवायची. "हो हो." जेवलीस का? हो हो. दुखतंय का? हो हो. आम्हाला वाटायचं, समाधानी आहे. मला आता कळतंय, तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. काल सेनापतींनी मला काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "हो हो." अंगावर काटा आला माझ्या.

मी फोन उचलणं बंद केलंय. तू करू नकोस, लिहीत जा.

आणखी एक. बँकेतली एक कॅशियर मुलगी हल्ली तालमीला येऊन बसते, हातात माझ्या भूमिकेची वही घेऊन. सेनापती म्हणतात, "राखीव असलेली बरी."

तुझी मावशी

---

२३ जानेवारी

मावशी,

हे "हो हो" बंद. आत्ताच्या आत्ता. न कळल्यास "कळलं नाही" म्हणायचं, दहादा म्हणायचं. आणि फोन उचलणं बंद करणारी टेलिफोन ऑपरेटर मी प्रथमच बघतेय!

तू ज्या मुलाची तपासणी खोटी ठरवलीस तो कशाला खोटं सांगेल? आम्हाला गोड बोलायचे पैसे मिळत नाहीत. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "घरी चारचौघांत ऐकू येतं का त्यांना?" ते तू लिहिलंच नाहीस. आणि म्हणाले, "त्या काय ऐकतात ते मला कशाला सांगतेस? काय ऐकावं लागतंय ते आणून दे."

तेव्हा असं कर. तालमीत तुझा टेपरेकॉर्डर ने. तू उभी असतेस तिथे, खुर्चीवर ठेव आणि तिसरा अंक पूर्ण टेप कर. कॅसेट मला पाठव. मला वाटतं, त्या हॉलचाच दोष असणार. पत्र्याच्या खुर्च्या आणि उघड्या भिंती म्हणजे आवाजाची फुगडी.

एक युक्ती सांगू? बाबांच्या तोंडाकडे बघत राहा. लहानपणी ते आम्हाला गच्चीवरून हाक मारायचे आणि आम्ही तीन गल्ल्या पलीकडून उलटपावली यायचो. तेवढा आवाज ज्याच्यासमोर आहे त्याला कशाची भीती!

भाची

---

३१ जानेवारी

चि. भाचीस,

कॅसेट सोबत आहे. टेपरेकॉर्डर पिशवीत लपवून नेला होता, भाजी आणल्यासारखा.

सरांना सांग, घरी ऐकू येतं. रविवारी ताईकडे चहाला गेले होते. ताई स्वयंपाकघरातून बोलत होती ते कळलं, भावोजी वर्तमानपत्राआडून पुटपुटले तेही कळलं. म्हणजे माझे कान हॉलमध्ये गेल्यावरच घाबरतात, असं म्हणायचं का? हे तर आणखीच वाईट. कानांचं नसेल तर डोक्याचं असेल.

तोंडाकडे बघण्याची तुझी युक्ती चालत नाही. त्या प्रवेशात ते माझ्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे बोलतात. पण दिसतात बाई झोकात! या नाटकासाठी केस रंगवलेत, हसले की दातही असे चमकतात की बघत राहावं. वय दहा वर्षांनी उतरलंय.

सेनापतींनी मला बाजूला घेतलं. वाईट नाहीत ते, त्यांनाच बोलताना त्रास होत होता. पंधरा तारखेच्या रविवारी शेवटचं बघू म्हणाले. तिसरा अंक सरळ झाला नाही तर भूमिका कॅशियरकडे. मी म्हटलं, बरं.

मला ही भूमिका हवी आहे. तुला म्हणून सांगते, निवृत्त झाल्यापासून मला इतकं काहीच हवं नव्हतं. सकाळी उठले की आधी भाडेकरीण उठते, मग मी.

मावशी

---

६ फेब्रुवारी

मावशी, मावशी, मावशी!

तू बहिरी नाहीस! तू बहिरी नाहीस! हे पत्र उभ्याने लिहितेय, बसवत नाही.

क्रमाने सांगते. काल दुपारी केंद्रात गर्दी नव्हती. सरांनी कॅसेट लावली आणि आम्हा तिघी उमेदवार मुलींना कागद दिले. म्हणाले, "जे कळेल ते लिहा, अंदाज करायचा नाही." तू बोललीस, तिघींनी शब्दन् शब्द लिहिला. सेनापती मागून ओरडले, तेही लिहिलं. पंखा होता, खुर्च्या होत्या, पोटही असेल. मग बाबा बोलले. आम्ही तिघी पेन हातात धरून बसून राहिलो.

मावशी, मला माझ्या बाबांचं बोलणं कळलं नाही. आवाज तोच. छातीत घुमणारा. मी त्या आवाजाला जगाच्या पाठीवर कुठेही ओळखेन. पण वाक्य कुठलं होतं ते मला कळलं नाही. सर पुन्हा पुन्हा लावत होते आणि माझा कागद कोराच.

सरांना ठाऊक नव्हतं हे कोण आहेत. ते म्हणाले, "हे गृहस्थ भलतेच लाउड आहेत. क्लिअर अजिबात नाहीत. स म्हटलं की शिट्टी वाजतेय, त आणि द एक झालेत. तोंडात काहीतरी नवीन आहे. नवी कवळी असणार, आणि मोठी झालेली." मी विचारलं, मग बाकीच्यांना कसं कळतं? सर म्हणाले, "सगळ्यांना नाटक पाठ आहे. ज्याला वाक्य आधीच ठाऊक आहे त्याला सगळं स्पष्टच वाटतं. कोणती शिवी आली हे खरोखर ऐकून ठरवायची गरज एकट्या त्या बाईंनाच आहे. आणि आवाज मोठा असला की दोष ऐकणाऱ्याचा, हे आपण धरूनच चालतो."

मला एकदम उलगडा झाला. बाबांना कवळी आहे हे आम्हा दोघींना, मला आणि आईला, ठाऊक आहे. बाहेर कोणालाही सांगायचं नाही असा घरात दंडक आहे, म्हणून तुलाही ठाऊक नाही. तू लिहिलंस ना, दात चमकतात म्हणून! नाटकासाठी नवी कवळी करून घेतली असणार त्यांनी. घरी टोचते म्हणून जुनी घालत असतील, म्हणून तुला तिथे सगळं कळतं. आणि मी शहाणी! सरांची दोन्ही विशेषणं तुला पाठ करून दाखवली आणि तुझ्याच कानाला यंत्र लावून मोकळी झाले. कारण दुसऱ्या बाजूला माझे बाबा होते. बाबांचा आवाज म्हटल्यावर मी पुढे विचारच केला नाही.

आत्ताच्या आत्ता सेनापतींना सांग. नाहीतर मी लिहिते.

भाची

---

१० फेब्रुवारी

खबरदार कोणाला लिहिशील तर!

पत्र वाचलं आणि आधी मी आरशासमोर जाऊन स्वतःच्या कानांची माफी मागितली. मग रडले. मग रेडिओ लावला आणि बारीक करत करत अगदी मुंगीएवढा केला. येत होतं ऐकू. सगळं येत होतं. घरभर मोठमोठ्याने गात फिरले, शेजारीण विचारायला आली.

आणि मग राग आला. असला राग की भाडेकरीण फिकी. महिनाभर मी रात्री उशीत तोंड खुपसून आईला आठवतेय आणि हे गृहस्थ चमकतायत!

गेले. तालमीआधी जिन्यात गाठलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. म्हटलं, "भावोजी, एक विचारू? तुमची कवळी नवी आहे का?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?" म्हणजे असं म्हणाले असणार, मी आता अंदाजाने धरते. मी म्हटलं, "मला तुमचं बोलणं कळत नाहीये. दोष माझ्या कानांचा नाही." यावर ते इतक्या मोठ्याने ओरडले की पहारेकरी वर धावत आला. त्यात "शेवटच्या रांगेपर्यंत" एवढं मला उमगलं. मग धाडधाड जिना उतरून निघून गेले. तालमीला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, माझ्याशी बोलले नाहीत, प्रवेश पुन्हा घसरला आणि कॅशियरने वहीत खूण केली.

सेनापतींना सांगता येईल. कॅसेटही वाजवून दाखवता येईल, सगळ्या मंडळासमोर. पण मग काय होईल? ताई खाली मान घालून बसेल. लोक त्यांच्या तोंडाकडे बघत बसतील. ज्या माणसाची अख्खी ऐट त्या आवाजात आहे, त्याची ती चारचौघांत कशी काढून घेऊ? उद्या ते माझ्यासारखेच घरी बसून राहिले तर?

भूमिका मी सोडणार नाही. त्यांची अब्रूही काढणार नाही. दोन्ही कसं जमवायचं ते मला माहीत नाही.

मावशी

---

१२ फेब्रुवारी

मावशी,

तू रागावशील, पण कॅसेटची नक्कल करून मी बाबांना पाठवली, हातोहात, आमच्या केंद्रातल्या बाई तुमच्याकडे जात होत्या त्यांच्याबरोबर. मंडळाला काही कळवलेलं नाही. तुझ्या कानांविषयी, भूमिकेविषयी, कशाविषयी एक शब्द नाही. सोबत एवढंच लिहिलं:

"बाबा, तुमच्या तालमीची कॅसेट मिळाली. मावशीचं सगळं कळलं. तुमचं वाक्य मी दहा वेळा ऐकलं, मला कळलं नाही. मी तुमची मुलगी आहे, मला कळायला हवं होतं. त्यात काय म्हणताय ते मला लिहून कळवाल का?"

पण ते कधीच बोलले नाहीत माझ्याशी तर?

भाची

---

१६ फेब्रुवारी

अगं पोरी,

कुठून सुरू करू!

काल रविवार. मी हॉलमध्ये गेले तर सगळे आधीच जमलेले. असं झालं की समजावं, निर्णय झालाय. कॅशियर पदर खोचून तयार. बिचारीने माझ्याकडे बघायचं टाळलं. भावोजी कोपऱ्यात बसले होते, शेजारी ताई. ताई म्हणाली होती, दोन दिवस घरात टेपरेकॉर्डर घेऊन दार लावून बसतायत, जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत. तिला वाटलं, पाठांतर चाललंय.

सेनापती उभे राहिले, घसा साफ केला आणि माझ्यासाठी मुद्दाम मोठ्याने सुरुवात केली, "तर बाईंच्या कानांची अडचण लक्षात घेता..."

"थांबा."

कोण बोललं ते आधी कोणाला कळलंच नाही. इतक्या हळू आवाजात भावोजी बोललेले आमच्यापैकी कोणी ऐकलंच नव्हतं. ते पुढे आले. म्हणाले, "तिला ऐकू येत नाही असं नाही. मला बोलता येत नाही. महिनाभर तुम्ही तिला हसताय, आणि मी तिच्यावर ओरडतोय. नव्या दातांचा दोष आहे, मी नाटकात दिसायला बरे म्हणून बसवले. आज जुने घालून आलोय."

आणि तोंड उघडून दाखवलं गं! पिवळट दात, बाजूचा एक पडलेला. कोणी हसलं नाही. ताईने डोळ्याला रुमाल लावला. एवढं हळू बोलले आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना अक्षर न् अक्षर कळलं.

सेनापती म्हणाले, "मग तिसरा अंक घेऊया का?" कॅशियरने वही मिटली आणि स्वतःच टाळी वाजवली. गुणी पोरगी आहे.

आम्ही उभे राहिलो. भावोजींनी पाठ फिरवली नाही, सरळ माझ्याकडे बघितलं आणि सुरू झाले. भवाने! माझं उत्तर तयार. फुकटखाऊ! तयार. घोरपड! मी असं परतवलं की मागे खुर्च्या सरकल्या. ते क्रम बदलत होते, मला फसवायला बघत होते, डोळ्यांत चक्क खोड्या दिसत होत्या, आणि मी फसत नव्हते. सेनापती थांबवायचं विसरले. शिव्या संपल्या तर भावोजींनी पदरच्या चार घातल्या, त्या लेखकाच्या नव्हत्याच, लग्नापासून साठवलेल्या असणार. मी त्यांनाही पुरून उरले. शेवटची होती, "चालती हो माझ्या घरातून, सटवे!" काय सुंदर स म्हटला त्यांनी! काय तो ट! मला त्यावर रडत रडत बाहेर जायचं असतं आणि मी उभी राहून हसतेय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, सेनापती ओरडतायत, "बाई, रडा! रडा!" आणि मला काही केल्या थांबवेना. उभ्या जन्मात माझा इतका अपमान कोणी केला नव्हता, आणि मला तो पुन्हा पुन्हा करून घ्यावासा वाटत होता.

तुझी मावशी